साठ पानांची गोष्ट

शाळेतला अपमान हा मराठी साहित्याला नवा विषय नाही. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ चे, प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ चे, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० चे, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ चे. या पुस्तकांत शाळा आहे, घर आहे, आणि त्या दोहोंच्या मध्ये अवघडून उभे राहिलेले पोर आहे. पण ही आत्मकथने मोठ्यांनी मोठ्यांसाठी लिहिली. चौदा वर्षांच्या मुलाने उचलावी आणि साठ-सत्तर पानांत संपवावी अशी साधी गोष्ट त्या अनुभवातून फारशी निघाली नाही. किशोरांना आपण साहस दिले, विज्ञानकथा दिल्या, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे दिला. तो अजूनही वाचावासा वाटतो, हे खरेच. पण वर्गातल्या आडनावांच्या उतरंडीत फेणे कोणत्या पायरीवर बसतो, हा प्रश्न त्याच्या वाचकाला कधी पडला नाही.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात तो प्रश्न रोजच्या हजेरीला पडतो. सातपुड्याच्या पायथ्याला, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत, कोरकू, भिलाला, निहाल समाजाची वस्ती आहे. निहालांची निहाली ही बोली जगातल्या कोणत्याही भाषाकुळात नीट बसत नाही, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार. त्या घरातले मूल मराठी शाळेत येते तेव्हा त्याला धड्याच्या आधी वर्गाचे हसू कळते. इकडे ‘मले-तुले’ म्हणणारे आपले वऱ्हाडी पोर पुढे शहरातल्या वसतिगृहात गेले की त्याचीही तीच गत. परदेशात ज्याला वंशभेद म्हणतात, त्याची आपली रूपे ही अशी: जात, पाडा, कातडीचा रंग, बापाचा धंदा. शिवाय घरचे ओझे वेगळेच. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत बुलढाणा होता. अशा शेतकऱ्याचे घर सदानंद देशमुखांनी ‘बारोमास’मध्ये उभे केले, २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कारही त्याला मिळाला. पण त्या कादंबरीच्या मध्यभागी शिकून बेकार राहिलेला तरुण आहे. त्याच परिस्थितीत नववीत शिकणाऱ्या धाकट्या बहिणीची गोष्ट अजून कोणीतरी लिहायची आहे.

अशी गोष्ट मुलांसाठी लिहावी म्हटले की पहिला आक्षेप ठरलेला असतो: मुलांच्या कोवळ्या मनात जात कशाला घालता? घालायला ती बाहेर कुठे आहे? १८५५ साली ‘ज्ञानोदय’ नियतकालिकात मुक्ता साळवे या फुले दांपत्याच्या शाळेतल्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, तेव्हा ती चौदा वर्षांची होती. जे वय लिहू शकते, ते वाचू शकत नाही असे कसे म्हणावे? नागराज मंजुळे यांच्या २०१३ च्या ‘फँड्री’ चित्रपटातला जब्याही शाळकरीच आहे. आणि ज्या मुलांना हा त्रास होत नाही, त्यांनी तर ही गोष्ट आधी वाचायला हवी, कारण हसणारी मुले त्यांच्यातच बसलेली असतात.

दुसरा आक्षेप जास्त विचार करण्याजोगा आहे. छोटे आणि सोपे लिहिल्याने वाचनाची पातळी खाली येते, असे काही जाणकार म्हणतात. वाईट सोपे लिहिले तर येते, हे मान्य. पण २०१८ च्या ‘असर’ या शालेय शिक्षणाच्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या आठवीच्या सुमारे २७ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला नव्हता. त्यांच्या हाती तीनशे पानांची कादंबरी देणे म्हणजे पुस्तक मिटवायला सांगणेच. स्कॉटलंडमध्ये एडिनबरोला १९९८ साली ‘बॅरिंग्टन स्टोक’ ही प्रकाशनसंस्था नेमक्या अशाच मुलांसाठी निघाली: भाषा सुटसुटीत, विषय मात्र त्या वयाचा. त्यासाठी तिने नावाजलेले लेखक लिहिते केले. आपल्याला एवढ्या लांब जायचीही गरज नाही. ‘श्यामची आई’ बेचाळीस रात्रींत विभागलेली आहे, एकेक रात्र एका बैठकीत संपते. साने गुरुजींच्या मराठीला सोपी म्हणून कोणी हलकी म्हटलेले नाही.

एक पथ्य मात्र हवे. शेवटच्या पानावर गुरुजी येतात, भाषण करतात आणि चिडवणारा मुलगा रडून माफी मागतो, असली गोष्ट मुलांना दोन पानांत ओळखू येते. शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेत मुलाला मारणे आणि मानसिक छळ करणे दोन्हींना बंदी घातली आहे, पण मधल्या सुट्टीत मुले एकमेकांना काय म्हणतात, तिथे कायद्याचा हात पोचत नाही. गोष्टीने तिथेच थांबावे आणि खरे सांगावे. जिल्ह्यातल्या लिहित्या शिक्षकांना माझी विनंती आहे: कवितासंग्रह थोडा लांबणीवर टाका, एक साठ पानांची गोष्ट लिहा, आणि छापायला देण्याआधी नववीच्या वर्गाला वाचून दाखवा.