विद्यार्थ्यांची झोप आणि वर्गातील पेंग



परीक्षा जवळ आली की गावोगावच्या घरांतून आणि वसतिगृहांतून मध्यरात्रीनंतरही दिवे जळताना दिसतात. मुलगा रात्री दोन वाजेपर्यंत जागून अभ्यास करतो, हे आईवडील शेजाऱ्यापाजाऱ्यांना अभिमानाने सांगतात. तोच मुलगा सकाळच्या पहिल्या तासाला पेंगू लागला म्हणजे आळशी ठरतो. घरी होणारे कौतुक आणि वर्गात बसणारा शिक्का ही दोन्ही एकाच जागरणाची फळे आहेत, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही. विद्यापीठात शिकणाऱ्या मुलामुलींच्या झोपेचा प्रश्न हा केवळ शिस्तीचा प्रश्न नसून आरोग्याचा, शिक्षणाचा आणि काही प्रसंगी जीवनमरणाचाही प्रश्न आहे.

झोप म्हणजे वाया गेलेला वेळ, अशी समजूत पुष्कळांची असते. आपल्या पूर्वजांची समजूत तशी नव्हती. चरकसंहितेत आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ सांगितले आहेत. अन्नाच्या शेजारीच निद्रेला स्थान दिले आहे. आधुनिक संशोधनानेही हेच दाखवून दिले. शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की व नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी १९५३ साली असे प्रसिद्ध केले की, झोपलेल्या माणसाचे डोळे ठराविक कालावधीने मिटल्या पापण्यांआड वेगाने हालतात आणि अशा वेळी जागे केल्यास तो बहुधा स्वप्न सांगतो. त्यानंतरच्या अभ्यासांतून स्पष्ट झाले की, गाढ निद्रा आणि स्वप्ननिद्रा यांचे सुमारे ९० मिनिटांचे फेरे रात्रभर चालू असतात. रात्रीच्या पूर्वार्धात गाढ निद्रा अधिक असते, तर उत्तरार्धात स्वप्ननिद्रा. जो विद्यार्थी दोनला झोपून सहाला गजराने उठतो, तो या उत्तरार्धाला बव्हंशी मुकतो.

झोपेचा आणि स्मरणशक्तीचा संबंध फार निकटचा आहे. १९२४ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डॅलनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांवर एक साधा प्रयोग केला. दहा निरर्थक अक्षरगटांची यादी पाठ करावयाची, आणि नंतर काही तास झोपून अथवा जागे राहून ती आठवावयाची. आठ तास झोपल्यावर सुमारे निम्मे गट आठवले. आठ तास जागेपणी घालविल्यावर जेमतेम एक. पुढील शंभर वर्षांत झालेल्या संशोधनाने या गोष्टीला पुष्टीच मिळाली आहे. दिवसा वाचलेले मेंदूत पक्के बसते ते झोपेत. यास्तव परीक्षेच्या आदल्या रात्री झोप मोडून केलेले पाठांतर म्हणजे बी पेरून लगेच माती उकरण्यासारखे होय.

अठरा ते पंचवीस वर्षे वयाच्या तरुणांना रोज सात ते नऊ तास झोप हवी, असे तज्ज्ञांचे मत आहे. पाच-सहा तासांत भागते असे सांगणारे तरुण खोटे बोलत नसतात; त्यांना खरोखरच तसे वाटत असते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात रोज सहा तासच झोपू दिलेल्या व्यक्तींची सावधानता दोन आठवडे सतत घसरत गेली, आणि अखेरीस अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी खालावली. तथापि आपण फार पेंगुळलेले आहोत असे त्यांना वाटत नव्हते. झोपेचे कर्ज सावकाराच्या कर्जाप्रमाणे वाढते. फरक एवढाच की, ऋणकोला त्याचा पत्ता नसतो.

मग तरुण मुले वेळेवर का झोपत नाहीत? याचे एक कारण निसर्गातच आहे. मेंदूच्या तळाशी शरीराचे एक घड्याळ असते. अंधार पडल्यावर त्याच्या आज्ञेने मेलॅटोनिन नावाचे द्रव्य रक्तात उतरते व शरीर निजेच्या तयारीला लागते. किशोरवयात हे घड्याळ एक-दोन तासांनी मागे पडते, आणि विशीच्या सुमारास पुन्हा हळूहळू पुढे सरकू लागते. म्हणून दहाला अंथरुणावर पडूनही सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला झोप लागत नाही. हा हट्ट नव्हे. दुसरे कारण मात्र माणसाने निर्मिलेले आहे. उशाशी असलेल्या मोबाइलचा प्रकाश मेलॅटोनिनला रोखतो आणि त्यावरील मजकूर मनाला शांत होऊ देत नाही. तिसरे कारण चहा-कॉफीचे. दिवसभर मेंदूत साठत जाणारे ॲडेनोसिन माणसाला झोपेकडे ओढते. कॅफीन त्याची वाट अडविते, पण साठा कमी करीत नाही. घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मे पाच-सहा तासांनंतरही शरीरात उरते. संध्याकाळी सातचा कडक चहा मध्यरात्रीही आपले काम करीत असतो, तो असा.

या सर्वांत गंभीर बाब आहे ती रस्त्यावरची. गोव्यात महाविद्यालयीन मुले मोठ्या संख्येने दुचाकीवरून ये-जा करतात. सलग सतरा तास जागलेल्या माणसाची हाताडोळ्यांची सावधानता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी उतरते, असे १९९७ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखविले. आपल्या देशातील मोटार वाहन कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. मद्य घेतलेल्या मुलाच्या हाती कोणताही बाप गाडीची किल्ली देणार नाही; रात्रभर जागलेल्या मुलाच्या हाती मात्र ती सहज दिली जाते.

दिवसाची पेंग किती आहे हे पाहण्यासाठी डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ साली मेलबर्न येथे एक सोपी प्रश्नावली तयार केली. वाचताना, मोटारीत प्रवासी म्हणून जाताना, जेवणानंतर स्वस्थ बसले असता, अशा आठ प्रसंगी डुलकी लागण्याचा संभव किती, याला प्रत्येकी शून्य ते तीन गुण द्यावयाचे. चोवीसपैकी बेरीज दहाच्या वर गेली, तर पेंग प्रमाणाबाहेर आहे असे समजावे. वर्गशिक्षकांना ही चाचणी दहा मिनिटांत घेता येईल.

दुपारच्या वामकुक्षीविषयीही थोडे सांगणे अगत्याचे आहे. गोमंतकात दुपारच्या विश्रांतीची परंपरा जुनी आहे. चरकाने ग्रीष्म ऋतू सोडून एरवी दिवसा झोपण्यास हरकत घेतली असली, तरी ओझ्याने, वाटचालीने आणि अध्ययनानेही थकलेल्यांना ती मोकळीक दिली आहे. दुपारी तीनच्या आत वीस मिनिटे डोळे मिटल्यास तरतरी येते. दीड-दोन तास झोपल्यास मात्र अंग जड होते आणि रात्रीची झोप पळते.

उपाय सर्वांनी मिळून करावयाचे आहेत. विद्यार्थ्यांनी उठण्याची वेळ रविवारीही फारशी बदलू नये, सकाळचे ऊन अंगावर घ्यावे, दुपारनंतर चहा टाळावा आणि मोबाइल निजण्यापूर्वी तासभर दुसऱ्या खोलीत ठेवावा. पालकांनी जागरणाचे कौतुक थांबवावे. शिक्षकांनी पेंगणाऱ्या मुलाला वर्गाबाहेर काढण्यापूर्वी तो किती वाजता झोपला आणि किती वाजता घरून निघाला, हे विचारावे. काणकोण वा सांगे तालुक्यातून पहाटेची बस गाठणाऱ्या मुलीची पेंग आळसातून आलेली नसते. सात-आठ तास झोपूनही आठवडेच्या आठवडे पेंग राहत असेल, अथवा झोपेत मोठ्याने घोरणे व श्वास अडकणे होत असेल, तर वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. रक्तक्षय, थायरॉइडचे विकार आणि सर्दीवरील काही औषधे यांमुळेही सुस्ती येते.

प्रशासनाचा वाटाही लहान नाही. अमेरिकेतील सिॲटल शहरात २०१६ साली माध्यमिक शाळांची वेळ ७.५० वरून ८.४५ केली, तेव्हा मुले अधिक उशिरापर्यंत जागत बसली नाहीत. त्यांची झोप सरासरी अर्ध्या तासाहून थोडी अधिकच वाढली. महाराष्ट्र शासनानेही फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय काढला. महाविद्यालयांची वेळापत्रके, बसगाड्यांच्या वेळा आणि वसतिगृहांतील रात्रीची शांतता या गोष्टी ठरविताना विद्यार्थ्यांच्या झोपेचा विचार व्हावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

शेतकरी जमिनीला एक हंगाम विश्रांती देतो, त्यात त्याला आळस दिसत नाही. पुढचे पीक दिसते. तरुणांच्या झोपेकडेही समाजाने याच दृष्टीने पाहावे.