नातवंडांना घेऊन ग्रीसच्या बेटांवर : उतरायचं कुठे?

(सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यात दुसऱ्या दिवशी सकाळी केलेलं भाषण)

मंचावरच्या बाई आणि सर, आणि समोर बसलेल्या पहिल्या दहावीच्या माझ्या सोबत्यांनो,

संयोजकांनी फर्मान काढलं, की ज्याला जे कळतं त्यावर त्याने पंधरा मिनिटं बोलावं. मी छत्तीस वर्षं बँकेत काढली, पण कर्जवसुलीवर बोलायला उभी राहिले तर पहिल्या रांगेतलेच दोघे चहाला उठतील. म्हणून विषय घेतलाय तो तुम्हीच मला वर्षभर फोनवर विचारत असता तो. आपल्यापैकी निम्म्यांची मुलं परदेशात आहेत. त्यांचं हल्ली एक नवीन निघालंय : "आई, या वर्षी आम्ही भारतात नाही येत, तुम्हीच मध्यावर कुठेतरी या." आणि हे मध्यावरचं ठिकाण बरेचदा ग्रीस निघतं.

आमचंही तसंच झालं. मुलगा जर्मनीत, मुलगी दुबईत. जर्मनीहून उन्हाळ्यात ग्रीसच्या मोठ्या बेटांना थेट विमानं असतात, दुबईहून अथेन्स साडेचार-पाच तासांवर, आणि आपल्याला मुंबईहून आखातात विमान बदलून जाता येतं. शेंगेन व्हिसा काढावा लागतो. सहा वर्षांखालच्या मुलांना त्याची फी नसते. २०२२ पासून आम्ही तीनदा गेलो. कोणतं बेट सुंदर, हे मी सांगणार नाही. सगळीच सुंदर आहेत. लहान मुलं बरोबर असताना बिछाना कुठे टाकायचा, एवढंच सांगणार आहे.

सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते ती सँटोरिनी. पांढरी घरं, निळे घुमट, खाली समुद्र. तो फोटो खरा आहे. पण तो फोटो म्हणजे ज्वालामुखीच्या तोंडाचा कडा आहे, सुमारे तीनशे मीटर उंच, आणि घरं त्या कड्यावर एकाखाली एक पायऱ्यांनी लटकलेली. फिरा गावातून जुन्या बंदरापर्यंत उतरायला पाचशे अठ्ठ्याऐंशी पायऱ्या आहेत, म्हणजे उतरायचीही चंगळच. (रोपवे आहे, रांगही आहे.) पहिल्या वर्षी लेकाने आमच्या तीन रात्री तिथे ठेवल्या होत्या. नात चार वर्षांची, नातू एक वर्षाचा. बाबागाडी तीन दिवस घडी घालूनच राहिली. आमच्या खोलीसमोरची गच्ची म्हणजे खालच्या घराचं छप्पर, आणि कठडा माझ्या गुडघ्याएवढा. सून रात्री दाराला खुर्ची लावून झोपायची. सूर्यास्त अप्रतिम होता, तो आम्ही पाळीपाळीने पाहिला. कड्यावरची पुष्कळ हॉटेलं तर लहान मुलांना घेतच नाहीत. ते वाचून मला आधी राग आला होता, तिथे गेल्यावर पटलं.

सँटोरिनी बघायचीच असेल तर कड्यावर राहू नका. बेटाच्या दुसऱ्या अंगाला कामारी आणि पेरिसा ही सपाट गावं आहेत, समुद्राला लागून. वाळू काळी असते, दुपारी तापते, पायात चप्पल हवी. एक संध्याकाळ बसने वर जाऊन कडा पाहून या.

तिथून बोटीने दीड-दोन तासांवर नॅक्सॉस आहे. सिक्लाडीस द्वीपसमूहातलं हे सगळ्यांत मोठं बेट. फोटोत कमी येतं, कारण इथल्या लोकांचं पोट फक्त पर्यटनावर नाही. बटाटे पिकतात, गुरं आहेत, चीज होतं. बंदराशी समुद्रात घुसलेल्या टेकाडावर अपोलोच्या देवळाची संगमरवरी चौकट उभी आहे, इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातली. देऊळ कधी पूर्ण झालंच नाही, फक्त दार राहिलं. मुलांना हे फार आवडतं, घर नसलेलं दार. मुख्य गावाला लागूनच आगिओस गिओर्गिओस हा किनारा आहे. पाणी खूप आतपर्यंत पोरांच्या कमरेएवढं. आणि कोकणात वाढलेल्यांसाठी मुद्दाम सांगते, इथे भरती-ओहोटी जवळजवळ नसते. सकाळी जिथे वाळूचा किल्ला बांधला, तिथेच तो संध्याकाळी असतो.

पुढे पाचेक किलोमीटरवर आगिओस प्रोकोपिओस, मग आगिया आना, मग प्लाका असे किनारे ओळीने लागतात आणि गावातून तिथवर बस जाते. प्रोकोपिओसचं पाणी सगळ्यांत देखणं, पण ते लवकर खोल होतं. दोन वर्षांच्या मुलाला मी आगिया आना किंवा गावाजवळचा किनारा सुचवीन.

आता वारा. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रात उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा सुटतो. आकाश निरभ्र, ऊन लख्ख, आणि वारा असा की छत्री उडून जाते आणि वाळू डोळ्यांत. म्हणून त्या दोन महिन्यांत जायचं असेल तर बेटाच्या दक्षिणेकडच्या किंवा आडोशाच्या खाडीवरचं घर बघा, किंवा ग्रीसच्या पश्चिमेकडच्या आयोनियन बेटांवर, कॉर्फूसारख्या, जा. तिथे हा वारा नाही आणि झाडीही हिरवीगार आहे, फक्त किनारे बरेचसे गोट्यांचे. आम्ही पहिली दोन वर्षं सप्टेंबर गाठला. नात शाळेत जात नव्हती तोवर ते जमलं. सप्टेंबरात समुद्र चांगला कोमट असतो, मेमध्ये मात्र गार लागतो.

घर ठरवताना जाहिरातीत लिहिलेलं असतं, "समुद्रापासून पाचशे मीटर". ते पाचशे मीटर सरळ आहेत की उभे, ते लिहिलेलं नसतं. नकाशावर रस्ता नागमोडी दिसला की समजा, चढ आहे. मी मालकिणीला आधीच चार गोष्टी विचारते. गाडी थांबते तिथून दारापर्यंत पायऱ्या किती? बाल्कनीच्या गजांत पोराचं डोकं जाईल एवढी फट आहे का? तरणतलाव असेल तर त्याला कुंपण आहे का? (बहुतेकदा नसतं.) आणि झोपायच्या प्रत्येक खोलीत एसी आहे का, की फक्त बाहेरच्या? बाळाचा पलंग मिळतो का, हेही विचारते, पण नसला तर अडत नाही. पायऱ्यांचं उत्तर "थोड्याच" असं आलं तर आकडा मागा. सांगते तुम्हाला, दोन वर्षांचं नातवंड आणि सहासष्ट वर्षांचे गुडघे यांच्या मागण्या अगदी सारख्या असतात. एकाची सोय पाहिली की दुसऱ्याची आपोआप होते.

स्वयंपाकघर हवंच. ग्रीसमध्ये "स्टुडिओ" म्हणून खोल्या मिळतात, त्यात दोन शेगड्या, एक छोटा फ्रिज आणि चार भांडी असतात. तेवढं पुरतं. तिथली माणसं रात्री नऊनंतर जेवायला बसतात आणि आपली पोरं सातला पेंगतात, म्हणून वरणभात घरी लागतोच. डाळ न्या, मसाला न्या. तूप, पेढे, बर्फी नेऊ नका. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये बाहेरून नेऊ देत नाहीत. बाळाच्या दुधाच्या पावडरीला तेवढी सूट आहे. आणि हॉटेलात "फावा" मागवून पाहा. पिवळ्या डाळीचं घोटलेलं घट्ट वरण, वर ऑलिव्ह तेल आणि कांदा. माझा नातू तेच खाऊन राहिला.

दुपारी साधारण तीन ते साडेपाच ही तिथे उन्हाळ्यात शांततेची वेळ असते, कायद्यानेच. तेव्हा सगळं गाव झोपतं. म्हणून घर समुद्रापासून पायी असलं पाहिजे. अकराला किनाऱ्यावरून उठायचं, जेवायचं, झोपायचं, आणि पाचनंतर परत पाण्यात. गाडीत बसून अर्धा तास जायचं असेल तर मूल गाडीत झोपतं, घरी उठतं, आणि मग सगळ्या घराची दुपार जाते. ज्यांनी मुलं वाढवलीत त्यांना हे जास्त फोडून सांगायला नको. किनाऱ्यामागे झाऊची झाडं असली तर फार बरं, फुकटची सावली.

आणखी एक बघते ते म्हणजे डॉक्टर. अगदी लहान बेटांवर एखादा सरकारी दवाखाना असतो आणि गंभीर काही झालं तर हेलिकॉप्टर किंवा बोट. दोघांच्या सहलीला ते चालेल. कानदुखीची सवय असलेल्या मुलाला घेऊन मी तिथे राहणार नाही. नॅक्सॉसच्या गावात रुग्णालय आहे, क्रीट आणि कॉसवरही आहे. औषधांच्या दुकानावर हिरवा क्रॉस असतो, आणि दुकान बंद असलं तर रात्रपाळीचं दुकान कोणतं त्याची चिठ्ठी दारावर लावलेली असते. नातवाला एका रात्री ताप भरला तेव्हा आम्ही त्या चिठ्ठीच्या मागे सात मिनिटं चालत गेलो. सात मिनिटं. हाच रस्ता डोंगरातला असता तर मी आज इतक्या शांतपणे सांगत नसते. आणीबाणीचा नंबर ११२.

आता मुख्य सांगते, तुम्ही घरी जाऊन मुलांशी यावरच भांडायचं आहे. मुलं तुम्हाला दहा दिवसांत चार बेटं आखून पाठवतील. बोटींची वेळापत्रकं छान जुळतात, कागदावर सगळं बसतं. नाही म्हणा. एकच घर, सगळे दिवस.

बोटीचा त्रास आहेच. पिरेयसहून नॅक्सॉसला मोठ्या बोटीने पाच-साडेपाच तास लागतात. वेगवान बोट लवकर जाते, पण तिला उघडा डेक नसतो आणि ती जास्त हलते. वारा फार वाढला तर बंदर खातं बोटी सोडत नाही, आणि वेगवान बोटी आधी अडकतात. (म्हणूनच परतीच्या विमानाआधी एक रात्र अथेन्सला ठेवावीच.) पण माझं कारण बोटीचं नाही.

२०२३ साली नातू दोन वर्षांचा होता. मधल्या वर्षात मी त्याच्यासाठी रोज रात्री फोनमधली एक बाई होते. प्रत्यक्ष भेटले तर तो आईच्या पायामागे लपला. पहिले चार दिवस माझ्याकडे आला नाही. मी हात पुढे केला की "नाइन" म्हणायचा, जर्मनमधलं नाही. मी मागे लागले नाही. रोज सकाळी सहाला उठून मी ओट्यावर चहा ठेवायचे, खालच्या बेकरीतून पाव आणायचे, आणि तो खिडकीतून पाहायचा. तेच दार, तीच पायरी, तीच आजी. पाचव्या दिवशी मी पिशवी घेतली तर तो चपला हातात घेऊन दाराशी उभा. बेकरीपर्यंत दीडशे पावलं असतील, आम्हाला अर्धा तास लागला. नवव्या दिवशी तो "आजी, पाव" म्हणत होता. आम्ही दर दोन दिवसांनी घर बदलत असतो, तर त्याला दर दोन दिवसांनी नवी खोली, नवा पलंग, आणि त्यात ही परकी बाई. तो पाचवा दिवस आलाच नसता. वर्षातून एवढेच नऊ-दहा दिवस आपल्या वाट्याला येतात, ते बंदरावर सामान मोजण्यात का घालवायचे?

या वर्षी जूनमध्ये जर्मनीतल्या शाळेच्या सुट्टीत क्रीटला गेलो, मुलगीही आली. क्रीट हे बेट म्हणून धरू नका, ते जिल्ह्याएवढं आहे, पूर्व-पश्चिम सुमारे अडीचशे किलोमीटर. विमान खानियाला उतरत असेल तर खानियाच्याच बाजूला राहा, इराक्लिओला असेल तर त्या बाजूला. खानियाजवळ आल्मिरिदा आणि कालिव्हेस अशी दोन गावं आहेत, खाडीत, उथळ पाण्याची. आम्हाला नऊ जणांना पुरेल असं घर मिळालं. तिथे गाडी लागते. आपला भारतीय परवाना आणि आंतरराष्ट्रीय परवाना दोन्ही जवळ ठेवा, आणि मुलांच्या खुर्च्या आधीच सांगून ठेवा. इतक्या जणांच्या कुटुंबाला क्रीट बरं. एका मुलाच्या कुटुंबाला मी अजूनही नॅक्सॉसच म्हणेन. आणि ज्यांना चढ अजिबात नको त्यांनी कॉस पाहावं, ते पुष्कळसं सपाट आहे, लोक सायकलवर फिरतात.

खर्चाचं कुणी विचारेल म्हणून : खोलीच्या भाड्यावर रात्रीमागे एक सरकारी कर वेगळा पडतो, हॉटेल जितक्या ताऱ्यांचं तितका जास्त, आणि तो बरेचदा तिथे गेल्यावर द्यावा लागतो. आरक्षणाच्या पानावर बारीक अक्षरात असतो. बँकेतली असल्यामुळे मी बारीक अक्षरं आधी वाचते.

मालकिणींना विचारायच्या प्रश्नांची यादी इंग्रजीत लिहून आणली आहे, वीस प्रती आहेत, चहाच्या टेबलावर ठेवते. कमी पडल्या तर फोटो काढून घ्या. आणि बाई, तुमच्यासाठी एक प्रत मोठ्या अक्षरात छापली आहे. तुमची पणती लिस्बनला आहे असं काल कळलं, तिच्या आईला पाठवा.