नर्सबाई आणि आपले अंगण
(गावच्या चावडीपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही केरळातील एक हकीकत सांगणार आहोत. इ. स. २०१८ च्या मे महिन्यात कोझिकोड जिल्ह्यात निपा नावाचा रोग उद्भवला. ताप येतो, मेंदूस सूज चढते आणि थोडक्या दिवसांत माणूस हातचा जातो. पुण्याच्या विषाणुसंस्थेने तपासणी करून रोगाची खात्री केली, पण तोवर पेरांब्रा येथील तालुक्याच्या इस्पितळात पहिला रोगी येऊन गेला होता आणि तो कशाने आजारी आहे हे कोणासच ठाऊक नव्हते.

त्याची शुश्रूषा लिनी पुथुस्सेरी या बाईंनी केली. त्या कायम नोकरीतल्या नव्हत्या, कंत्राटावरच्या होत्या. रोग्याची ओकारी पुसणे, त्यास कुशीवर वळवणे, तोंडाशी पाणी धरणे ही कामे लांब उभे राहून होत नाहीत, आणि निपा पसरतो तो नेमका अशा जवळिकीनेच! बाईंस लागण झाली. घरी दोन लहान मुलगे, नवरा परमुलखी कामास. आपण आता वाचत नाही हे ओळखून त्यांनी नवऱ्यास चिठ्ठी लिहिली, मुलांस सांभाळ म्हणून. २१ मे रोजी त्या वारल्या. लागण पसरू नये म्हणून प्रेतही घरी नेले नाही. त्या साथीत १७ माणसे दगावली. वाचलेल्या दोघांपैकी एक नर्सचे शिक्षण घेणारी मुलगी होती.

आता पुढचे ऐका. त्याच इस्पितळातील इतर नर्सबाया कामावर जात राहिल्या. त्यांच्याशेजारी मोटारीत बसावयास लोक कचरू लागले, रिक्षावाले त्यांस घेईनात. रोग्याच्या उशाशी ज्या बसल्या, त्यांसच वाट चुकवावी! भीती खोटी होती असे आम्ही म्हणत नाही. पण मुखपट्टी, हातमोजे, साबणपाणी मागण्याऐवजी माणसासच टाकणे हा कोठला शहाणपणा?

आपण केरळास हसू नये. १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांस तोच रोग जडला आणि १० मार्चला त्या गेल्या. त्यांच्या तसबिरीस आपण हार घालतो. पण करोनाच्या साली, २०२० मध्ये, एका गावात नर्सबाईंस घरमालकाने खोली सोडावयास लावली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

निपा आपल्यापासून फार दूर आहे असेही समजू नका. २०२० साली महाबळेश्वरच्या गुहेतील वटवाघळे तपासली, तेव्हा काहींच्या अंगी त्याच्या खुणा मिळाल्या. म्हणून कुरतडलेला पेरू, आंबा पोरांस खाऊ देऊ नका. या रोगावर खात्रीचे औषध नाही. आहे ती शुश्रूषा.

आपल्या उपकेंद्रातील नर्सबाई रोज आठ मैल ये-जा करतात. रात्री बाळंतपण अडले तर त्या कोठून याव्यात? ज्यांच्या घरी एखादी सोपी, खोली रिकामी असेल त्यांनी सभा उठल्यावर आम्हांस भेटावे. भाडे वाजवी मिळेल.