कंबरेचा हिशेब



आपला कापूस सूत होऊन भिवंडीच्या मागावर जातो. तिथला कामगार दिवसभर उभा, आपण वेचणीला दिवसभर वाकलेले. कंबर दोघांचीही जाते. 1948 च्या कायद्यानं कामगार विमा आला; पण 10 माणसं नसलेला कारखाना सहसा त्याबाहेर. आपण तर बाहेरच. 2018 साली आलेलं आयुष्मान कार्ड वर्षाला 5 लाखांचं, पण ते भरती झाल्यावर. फिजिओथेरपिस्ट एकेकाला समोर घेऊन व्यायाम करून घेतो, त्याचे पैसे खिशातूनच. म्हणून पहिल्याच खेपेला व्यायाम नीट शिकून घेऊ, घरी रोज करू. आणि सरकारला विचारू : हमीभावात घरच्यांची मजुरी धरता, मग मोडलेली कंबर कुणाच्या खात्यावर?