हवेनें भरलेल्या हाताचें कोपर

१८ मार्च १९६५ रोजीं रशियन अंतराळवीर अलेक्सी लिओनोव्ह यानाबाहेर पडले. बाहेर निर्वात पोकळी; त्यांचा पोशाख फुगून इतका ताठ झाला कीं, आंत परततां येईना. अखेर त्यांतील कांहीं हवा सोडून देण्याचें धाडस त्यांना करावें लागलें.

न ताणणाऱ्या कापडाची फुगलेली नळी वांकली म्हणजे एका बाजूस दुमडून तिचें घनफळ घटतें. कोंडलेल्या हवेस तें मानवत नाहीं. ती नळीस पुन्हां सरळ करूं पाहते. म्हणून सांध्याच्या जागीं पेटीच्या भात्याप्रमाणें चुण्या ठेवतात व दोन्ही कडांनीं पक्की दोरी शिवतात. (दोरी नसेल तर भाता नुसता लांबेल!) वांकतांना एकीकडील चुण्या मिटतात, दुसरीकडील उलगडतात, घनफळ बहुतांशीं तेंच राहतें.

फुगविलेल्या यंत्रमानवांचे रचनाकार मात्र हवेचा हाच हट्ट कामास जुंपतात. चुण्या एका बाजूस व न ताणणारी पट्टी दुसऱ्या बाजूस ठेवली कीं, हवा भरतांच चुण्या उलगडून हात पट्टीकडे वळतो. उलट वळण्यास समोर दुसरी पिशवी. कोपरांत ना बिजागरी, ना दांत्यांचीं चक्रें. अमेरिकेंतील कार्नेजी मेलन विद्यापीठांत असा फुगीर हात पाहूनच २०१४ च्या 'बिग हीरो ६' या चित्रपटांतील गुबगुबीत बेमॅक्स सुचला.

दुर्बळ रुग्णास घांस भरवितांना असा हात चुकून लागला, तरी इजा होण्याचें भय थोडें. पण त्याच रुग्णास उचलून बसवावयाचें म्हटलें कीं दाब वाढवावा लागतो. मग शिवण उसवूं लागते, आणि मऊपणाही जातो.