मोजणारे कापड आणि सर्वांचे आरोग्य
(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



मी कला शाखेचा पदवीधर, बँकेत लिपिक. विज्ञानावर अधिकाराने बोलावे एवढी माझी योग्यता नाही. परंतु वाचनातून जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो. विषय आहे, अंगावर घातले असता प्रकृतीची नोंद घेणारे कापड.

१९९६ साली अमेरिकेतील अटलांटा येथील जॉर्जिया टेक या संस्थेत अशा सदऱ्याचे काम सुरू झाले. प्रमुख होते मद्रास विद्यापीठात वस्त्र-तंत्रज्ञान शिकलेले डॉ. सुंदरेसन जयरामन. पैसा अमेरिकन नौदलाचा, हेतू सैनिकांचे प्राण वाचविण्याचा. सदऱ्यात प्रकाशवाहक तंतू विणले होते. गोळीने तंतू तुटला की प्रकाश अडतो आणि जखम कोठे झाली ते कळते.

चांदीचा मुलामा दिलेला धागाही असाच उपयोगी पडतो. श्वास घेताना छाती फुगते, कापड ताणले जाते, धाग्यातून वाहणाऱ्या विजेत फरक पडतो. त्यावरून श्वास मोजतात. हृदयाच्या ठोक्यागणिक त्वचेवर उमटणारी सूक्ष्म वीजही असा धागा टिपतो.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाची त्वचा फार नाजूक असते. चिकटपट्टी काढताना ती सोलवटते आणि वायरींच्या गुंत्यामुळे आईला बाळ छातीशी धरता येत नाही. २०१९ साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी यासाठी दोन मऊ, बिनतारी पट्ट्या तयार केल्या; एक छातीवर, दुसरी तळपायावर. आईची कूस बाळाला परत मिळाली, ही केवढी मोठी गोष्ट!

परंतु यंत्र सर्वांना सारखे मोजते काय? तळपायावरची पट्टी प्रकाशाने रक्तातील प्राणवायू मोजते. कोरोनाच्या काळात बोटाला लावलेला ऑक्सिमीटरही त्याच तत्त्वावर चालतो. त्वचेतील काळे रंगद्रव्य प्रकाश शोषून घेते. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठातील डॉक्टरांनी आपला अभ्यास प्रसिद्ध केला. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ टक्के दाखवीत असताना रक्ततपासणीत प्राणवायू ८८ टक्क्यांहून कमी निघाला, असे गोऱ्या रुग्णांत शंभरपैकी सुमारे ४ वेळा घडले, तर काळ्या रुग्णांत सुमारे १२ वेळा. म्हणजे आजार तोच. पण यंत्राने काळ्या माणसाला अधिक वेळा "ठीक आहे" म्हटले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशी उपकरणे निरनिराळ्या वर्णांच्या अधिक लोकांवर तपासावीत, असा मसुदा जाहीर केला.

आपल्याकडे सावळ्या-काळ्या वर्णाची माणसे बहुसंख्य आहेत. म्हणून हा प्रश्न आपलाही आहे. यंत्राच्या मनात भेदभाव नसतो. पण ते कोणाच्या अंगावर तपासून पाहिले, यावर त्याचा न्याय ठरतो.

विद्यार्थी मित्रांनो, या कामाला विणकर लागतो, इलेक्ट्रॉनिक्सचा तंत्रज्ञ लागतो, परिचारिका लागते, संख्याशास्त्रज्ञ लागतो. यांपैकी कोणतीही वाट धरा, पण जेथे मोजमाप ठरते, तेथे जाऊन बसा आणि विचारा, "हे आमच्या त्वचेवर तपासले का?"

एवढे बोलून मी माझे भाषण संपवितो. जयभीम.