चार आण्यांची कोंबडी

श्रोतेहो, आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या कुठल्याही तहसील कार्यालयात सकाळी अकराच्या सुमारास जाऊन पाहा. संजय गांधी शाखेच्या दारापुढे म्हातारी माणसं भिंतीला टेकून बसलेली दिसतील. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत रेशनकार्ड, आधार, बँकेचं पासबुक, घड्या पडलेल्या झेरॉक्स. कुणी हयातीचा दाखला द्यायला आलेलं असतं, तर कुणी पैसे का थांबले ते विचारायला.

सरकारी मदतीचा विषय निघाला की ‘चार आण्यांची कोंबडी अन् बारा आण्यांचा मसाला’ ही म्हण हमखास ऐकू येते. रुपयातले पंधरा पैसेच गरिबापर्यंत पोहोचतात, हे राजीव गांधींचं १९८५ सालचं विधानही आठवतं. पण यात गळती आणि कामकाजाचा खर्च या दोन गोष्टींची आपण सरमिसळ करतो. गळती थांबवलीच पाहिजे. कामकाजाचा खर्च मात्र करावाच लागतो.

तो किती असतो? केंद्राचं वृद्धापकाळ निवृत्तिवेतन १९९५ मध्ये महिना ७५ रुपयांवर सुरू झालं. २००६ मध्ये ते २०० रुपये झालं. या कार्यक्रमात प्रशासनासाठी ३ टक्क्यांची तरतूद ठेवलेली होती. म्हणजे २०० रुपयांमागे महिन्याला ६ रुपये. अर्जाची छाननी, चौकशी, नोंदी, दरवर्षीची पडताळणी हे सगळं एवढ्यात बसवायचं! मदत दोनशेची असो की दोन हजारांची, एका अर्जाची चौकशी करायला कारकुनाला वेळ तेवढाच लागतो. मदत जितकी तुटपुंजी, तितका मसाला महाग दिसतो. दोष अनेकदा मसाल्याचा नसतो, कोंबडीच लहान असते.

मग उरलेला खर्च कोण करतं? तो पिशवी घेऊन बसलेली आजी करते. समजा, सोयगाव तालुक्यातल्या एखाद्या खेड्यातली विधवा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी निघाली. एसटीत महिलांना २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, हे खरं. पण बुडालेला रोज, झेरॉक्स, फॉर्म भरून देणाऱ्याचे पैसे आणि ‘साहेब आज दौऱ्यावर आहेत’ म्हणून पुन्हा मारावा लागणारा हेलपाटा? यातला एक पैसाही सरकारच्या हिशेबात कुठे दिसत नाही.

आता अटीचं पाहा. संजय गांधी निराधार योजनेत कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा बराच काळ वर्षाला २१ हजार रुपये राहिली. म्हणजे दिवसाला ५८ रुपयेसुद्धा नाहीत. एवढ्यात घर चालत नाही, हे दाखला मागणाऱ्याला ठाऊक असतं आणि देणाऱ्यालाही. अशी अट तपासण्यावर केलेला खर्च वाया गेल्यासारखाच.

याच्या अगदी उलट अनुभव २०२४ च्या लाडकी बहीण योजनेत आला. मर्यादा अडीच लाखांची, पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलं की दाखल्याची गरज नाही, आणि अर्ज भरून देणाऱ्या अंगणवाडीसेविकेला अर्जामागे ५० रुपये. पैसे भराभर पोहोचले. तपासणी मात्र मागाहून झाली. जुलै २०२५ मध्ये २६ लाख ३४ हजार जणांचा लाभ स्थगित झाल्याचं सरकारनं सांगितलं. ते सगळेच अपात्र नसतील. पण दीड हजाराच्या हिशेबानं ही रक्कम महिन्याला सुमारे ३९५ कोटी होते. वेळेवर न तपासण्याचीही किंमत असते ती अशी.

तेव्हा प्रशासनावर खर्च का, हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. तो कुठे करायचा, हे विचारायला हवं. डिसेंबर २०२५ मध्ये रोजगार हमीचा केंद्रीय कायदा बदलला, तेव्हा प्रशासकीय खर्चाची मर्यादा ६ वरून ९ टक्क्यांवर नेली गेली. वाढलेला पैसा गावपातळीवरच्या माणसांवर खर्च झाला तर त्याचं सोनं होईल.

एक साधी गोष्ट सांगतो. गावातल्या मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीतच होते. काही नोंदी राहून जातात, हे मान्य. पण त्यासाठी महिन्यातून एकदा ग्रामसेवक किंवा तलाठ्यानं वस्तीवर चक्कर मारली, तर आपण जिवंत आहोत हे सांगायला त्या आजीला तालुक्याला जावं लागणार नाही. त्या फेरीचा खर्च सरकारच्या वहीत पडेल, हे खरं. पण आज तोच खर्च आजीच्या पदरातून जातो आहे.